लोळण नेमकी कधी घ्यायची?

‘एल्डन रिंग’ हा फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा २०२२ सालचा गेम. अवघड म्हणून तो गाजला. पण त्यात नशिबाचा भाग थोडा, हिशेबाचा जास्त. वार चुकवायला आपलं पात्र लोळण घेतं, तेव्हा सुरुवातीचा अर्ध्या सेकंदाहूनही कमी काळ त्याला इजाच होत नाही. तलवार अंगातून आरपार जाते, तरी ओरखडा नाही! म्हणून मागे पळण्यापेक्षा वाराच्या दिशेने लोळणं बहुधा सोयीचं: पातं लवकर पार होतं आणि उलटा वार करायला शत्रू टप्प्यात राहतो.

सुरुवातीलाच भेटणारा मार्गिट हा शत्रू काठी उगारतो आणि तशीच रोखून धरतो. घाबरून आधीच लोळलात, की तडाखा बसलाच. काठी वर जाताना नव्हे, खाली येताना बटण दाबायचं.

अंगावरचं ओझंही मोजलं जातं. ते क्षमतेच्या ७० टक्क्यांपलीकडे गेलं, की लोळण जड होते आणि सावरायला वेळ लागतो. शिवाय प्रत्येक वार, प्रत्येक लोळण हिरव्या पट्टीतला दम खाते. ती पट्टी पार रिकामी करणं हीच नवख्यांची सर्वात मोठी चूक, असं माझं ठाम मत आहे. कुठे अडलात, तर आधी जड चिलखत उतरवून बघा.