मुशीच्या पोटात कोकेन

हर्णेच्या वाळूवर लिलाव लागला की गर्दी सुरमई-पापलेटाभोवती, आणि मुशी आपली बाजूला पडलेली. टोकदार तोंड, करड्या रंगाची कातडी. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर पॉलिशपेपरसारखी खरखरीत. बाळंतिणीला दूध यावं म्हणून कोकणात हिचं कालवण देतात. शार्क म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो अक्राळविक्राळ जबडा येतो, त्याच्याशी हिचं नातं आहे हे सांगूनही कुणाला पटत नाही.

या मुशीच्या ब्राझीलमधल्या चुलत बहिणीने २०२४ साली शास्त्रज्ञांना चक्रावून टाकलं. रिओ दि जानेरोजवळ छोट्या होड्यांच्या जाळ्यांत सापडलेल्या १३ मुशा तिथल्या ओस्वाल्दो क्रूझ संस्थेत तपासल्या गेल्या. तेराच्या तेरा मुशांत कोकेन निघालं. आणि यकृतापेक्षा मांसात जास्त!

मुशीला कोकेन कुणी दिलं? संशयाचं पहिलं बोट जातं ते शहराच्या सांडपाण्याकडे. म्हणजे माणसाच्या लघवीकडे.

इथून गोष्ट खरी रंगते. कोकेनच्या रेणूत दोन ठिकाणी एस्टर नावाचे रासायनिक सांधे असतात आणि आपल्या शरीराकडे असे सांधे कापणाऱ्या कात्र्या तयारच असतात. एक कात्री रक्तातच फिरत असते, काही यकृतात. एक सांधा कापला की एक तुकडा तयार होतो, दुसरा कापला की वेगळा. दोन्ही तुकड्यांत नशा आणण्याचा दम उरत नाही. मूत्रपिंडं ते लघवीवाटे बाहेर टाकतात. मूळ कोकेनही थोडंसं तसंच निसटतं.

रक्तातल्या त्या कात्रीचं नाव ब्युटिरिलकोलिनएस्टरेज. नाव उच्चारताना जिभेला गाठ पडते, पण दवाखान्यात तिची ओळख जुनी आहे. फवारणी करताना शेतकऱ्याला ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा झाली की डॉक्टर रक्तात हीच किती उरली आहे ते बघतात, कारण ते विष तिची धारच घालवतं. काही घराण्यांत ती जन्मापासूनच कमी असते. अशा माणसाला शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करणारं एक नेहमीचं इंजेक्शन दिलं, तर मिनिटांत उतरणारा त्याचा अंमल तासन्‌तास राहतो. कोकेन काय चीज आहे हे ठाऊकही नसलेल्या आपल्या रक्तात त्याला कापणारी कात्री आधीपासून बसलेली आहे, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

ही कापाकापी झपाट्याने चालते. साधारण तासाभरात रक्तातलं कोकेन निम्मं होतं, पुढच्या तासात त्याचंही निम्मं. दहा तासांनी हजारावा हिस्सा उरतो. नाकाने ओढलेल्याची झिंग तर त्याआधीच, अर्ध्या-पाऊण तासात उतरते. म्हणून तर पुन्हा ओढावंसं वाटतं. व्यसनाची चावी या घाईतच आहे.

पण तुकडे रेंगाळतात. त्यातला बेंझॉइलएक्गोनिन हा तुकडा लघवीत दोन ते चार दिवस सापडतो, रोज ओढणाऱ्यात त्याहून जास्त. तपासणीची पट्टी मुख्यतः त्यालाच शोधते. केसातही ही खूण साठते, आणि केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. तीन सेंटिमीटरच्या बटेत तीन महिन्यांची नोंद मिळते. लिंबूपाणी, ताक, घाम काढणं या उपायांनी त्या कात्र्यांचा वेग वाढत नाही. दारू सोबत असेल तर उलटंच होतं: यकृतात कोकाएथिलीन नावाचं नवंच रसायन जन्माला येतं, ते जास्त वेळ टिकतं आणि हृदयाला जास्त छळतं.

आता, तपासणीवाचून कोकेन घेणारा माणूस ओळखायचा कसा? उजेडातही विस्फारलेल्या बाहुल्या, धडधडती नाडी, न थांबणारी बडबड, भूक नाही, झोप नाही. मग एकदम उतार: दिवसभर मेल्यासारखी झोप, चिडचिड, उदासी. पैशांचा हिशेब लागत नाही. सर्दी नसताना नाक वाहतं, रक्त येतं. कोकेन रक्तवाहिन्या आवळतं आणि शरीराचा भागही बधिर करतं. या बधिरतेच्या जोरावरच १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेतलं दुखणं थांबवलं होतं. तेच आवळणं रोज नाकात घडलं की मधल्या पडद्याचा रक्तपुरवठा तुटतो, कूर्चा मरते, आणि पडद्याला आरपार भोक पडतं. मात्र एका खुणेवरून कुणावर शिक्का मारू नये. रात्रभर समुद्रात जागलेला खलाशीही दिवसभर मेल्यासारखा झोपतो आणि पावसाळ्यात कोकणात नाक कुणाचं वाहत नाही? पण तरण्या पोराच्या छातीत दुखायला लागलं आणि त्याने काही ओढलेलं असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं; एरवी चालणारी काही औषधं अशा वेळी घातक ठरू शकतात.

हर्णेच्या शेजारी समुद्राने आणून टाकलं ते कोकेन नव्हे, चरस. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्दे, लाडघर, केळशीच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटं लागली आणि कस्टम्सची माणसं वाळू तुडवत हिंडली. चरसाचा स्वभाव अगदी निराळा. त्यातलं नशेचं द्रव्य चरबीत मुरून बसतं आणि तिथून जरा जरा पाझरतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याची खूण कित्येक आठवडे मिळते. कोकेन घाईचा पाहुणा, चरस ठाण मांडून बसणारा.

व्यसन कोकेनचं असो की चरसाचं, व्यसनी माणूस आपणहून उपचाराला आला तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातलं कलम ६४-अ त्याला, थोड्या मालाच्या गुन्ह्यापुरतं, खटल्यापासून संरक्षण देतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय, आणि १४४४६ हा सरकारी मदतीचा क्रमांक आहे. घरातली माणसं मात्र बहुधा पोलिसांच्या भीतीने गप्प राहतात.

आता पुन्हा सांडपाण्याकडे आणि माशांकडे. इटलीत २००५ साली पो नदीच्या पाण्यातल्या त्या बेंझॉइलएक्गोनिनवरून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता: रोज सुमारे चार किलो कोकेनइतकी खूण वाहून जात होती. पुढे नेपल्समध्ये वामीसारख्या लांबुळक्या ईल माशांना, नद्यांत सापडतं तेवढंच नाममात्र कोकेन घातलेल्या पाण्यात ५० दिवस ठेवलं. त्यांचे स्नायू सुजले, फाटले. मग काही ईल दहा दिवस स्वच्छ पाण्यात ठेवून पाहिले. स्नायू तरीही फाटलेलेच होते.