लाकूड कापताना मशीन मध्येच बंद पडते? उघडण्याआधी वायर तपासा

नाकाडोंगरी : तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी वनपरिक्षेत्राचा हा पट्टा सागवानाचा. चौकट असो की दिवाण, सुताराच्या हाती आता करवतीच्या जोडीला कटर, रंदा मशीन आणि राऊटर आले आहेत. पण ऐन कापणीत मशीन बंद पडली की काम अडते आणि पाते लाकडात अडकून राहते. मोटर जळली असेल, असे समजून अनेकजण थेट दुरुस्तीचे दुकान गाठतात. प्रत्यक्षात बिघाड बऱ्याचदा मशीनबाहेर असतो. तो कसा ओळखायचा, जाणून घेऊया.

सर्वात आधी प्लग काढा

मशीन बंद पडली की बोट बटणावरून काढा आणि प्लग ओढा. अनेक मशीनच्या बटणाला लॉक असते. लॉक तसेच राहिले आणि वीज परत आली, तर पाते अचानक फिरू लागते. वीज वारंवार ये-जा करते तिथे हा धोका मोठा आहे. काही मशीनमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय असते. नवी मशीन घेताना याबद्दल जरूर विचारा. पाते पूर्ण थांबल्याशिवाय लाकूड हलवू नका.

दोष कुठे? बल्ब सांगेल

एमसीबी पडला आहे का, ते पाहा. पडला असेल तर जास्त लोड किंवा शॉर्टसर्किटची शक्यता असते. एमसीबी ठीक असेल तर मशीनच्याच एक्स्टेंशन बोर्डावर जुना पिवळा बल्ब लावा आणि मशीन पुन्हा चालवा.

• मशीनसोबत बल्बही विझला : दोष सॉकेट, वायर किंवा पुरवठ्यात
• बल्ब मंदावला : व्होल्टेज कमी पडतेय
• बल्ब जसाच्या तसा : दोष मशीनमध्ये

एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. व्होल्टेज घसरले तरी त्याचा उजेड बहुधा तेवढाच राहतो.

बारीक वायरचे गणित

आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. समजा, लाकडात शिरलेली मशीन १० अँपिअर करंट ओढते आहे. ३० मीटर लांब, ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये जाऊन-येऊन सुमारे १४ व्होल्ट वाया जातात. तेवढ्याच लांबीच्या २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये फक्त ४ व्होल्टच्या आसपास.

लाइनच्या टोकाला आधीच व्होल्टेज कमी असेल तर ही घट महागात पडते. पाते मंदावते, सुतार जोर लावतो, करंट वाढतो आणि मोटर तापते. त्यामुळे एक्स्टेंशन शक्य तेवढे आखूड ठेवा. गुंडाळीवरची वायर पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेली वायर लवकर तापते. प्लग किंवा सॉकेट गरम लागत असेल, काळवंडले असेल तर ते बदला. व्होल्टेज रोजच कमी असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवता येते.

कार्बन संपले की ठिणग्या

हातातल्या बहुतेक वायरवाल्या मशीनमध्ये दोन कार्बन ब्रश असतात. फिरत्या आर्मेचरला वीज त्यांच्यातूनच मिळते. ते झिजले की मशीन अडखळते, ठिणग्या वाढतात, कधी ठोकल्यावर तात्पुरती सुरू होते. काही ब्रश ठरावीक झिजेनंतर मशीन मुद्दाम बंद पाडतात, म्हणजे आर्मेचर वाचते.

बऱ्याच मशीनमध्ये प्लग काढून बाजूची दोन झाकणे उघडली की ब्रश दिसतात. झीज खुणेपर्यंत आली असेल तर त्याच मापाची जोडी टाका. एकच बदलू नका. नंतर काही मिनिटे मशीन लोडशिवाय चालवा.

भुसा, बोथट पाते आणि उष्णता

मोटर स्वतःच्याच पंख्याने थंड होते. भुशाने जाळी बुजली की हवा अडते. बोथट पाते, ओले लाकूड किंवा आवळला जाणारा काप यामुळेही लोड वाढतो. काप उघडा राहील असा फळीला आधार द्या. काही मशीन जास्त तापल्यावर स्वतःहून बंद होतात. टेबलवरच्या मशीनला अनेकदा लाल रिसेट बटण असते. मोटर थंड झाल्यावरच ते दाबा. पुन्हा पुन्हा दाबत राहिल्यास वाइंडिंग जळू शकते.

बॅटरीवरची मशीनही बॅटरी तापली, उतरली किंवा लोड वाढला की थांबते. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका.

मिस्त्रीकडे कधी न्यायचे?

मुठीजवळ वायर हलवली की मशीन चालू-बंद होत असेल तर वायर आतून तुटलेली असते. ती टेपने गुंडाळून चालवू नका, बदलून घ्या. जळका वास, धूर, शॉक लागणे किंवा नवे ब्रश टाकूनही आर्मेचरभोवती ठिणग्यांचे कडे दिसणे, यापैकी काहीही आढळले तर मशीन पुन्हा सुरू करू नका. ‘ओल्या फळीत बंद पडली’, ‘वायर हलवल्यावर थांबली’ अशी नेमकी खूण मिस्त्रीला सांगा. त्यामुळे दोष लवकर सापडतो आणि चांगले भाग विनाकारण बदलले जात नाहीत.