अर्ध्या साखळीची वाट

वाईहून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. रिक्षा दहा मिनिटांत सोडते. मी दुपारी तीनला निघतो आणि दिवेलागणीला पोचतो, कारण डांबरी रस्ता सोडून कृष्णेकडे उतरणाऱ्या पाणंदी धुंडाळत जातो. निघण्याआधी ढोल्या गणपतीच्या देवळामागे जरा थांबायचं. रास्त्यांनी 1762 साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. देऊळ सगळे पुढून बघतात. नदीशी त्याचं काय ठरलंय ते मागून कळतं.

वाट प्रवाहाच्या उलट, पश्चिमेकडे, त्यामुळे ऊन तोंडावर. कार्तिकात त्याचा जाच होत नाही. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना बांध, बांधावर शेर आणि घाणेरी, मधूनच एखादा करंज. खाली बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामध्ये चाक न लागलेली गवताची पट्टी. चालायला ही पट्टी उत्तम. चाकोरीबाहेर राहण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. नदी जवळ आली की हवा गार होते. ओल्या वाळूवर परीट पक्षी शेपूट नाचवत असतात, नुकतेच उत्तरेकडून आलेले.

अशा वाटा पायांनी मळतात हे खरं, पण त्या मोजलेल्याही आहेत. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमीनपाहणीची जी पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाखाभर गेली. मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा. गावनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, पायवाट एकेरी. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायवाटेची सव्वाआठ. हे साडेसोळा आणि सव्वाआठ मला आधी चमत्कारिक वाटले. मग साखळी आठवली. अर्धी आणि पाव!

कायद्यातही या वाटा आहेत. जमीन महसूल संहिता, 1966, कलम 143 : दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळावी असा दावा तहसीलदारापुढे करता येतो. चालती वाट कुणी अडवली तर त्याहून जुना, 1906चा मामलेदार न्यायालय अधिनियम. त्याखाली सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. दोन्हीकडे दाद मागणारा शेतीशी बांधलेला. वाट हवी ती नांगर, बी, ऊस नेण्यासाठी. इंग्लंडात 1949च्या कायद्याने सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले आणि तिथल्या शेतातून कुणीही रिकामटेकडा हक्काने चालू शकतो. आपल्याकडे माझ्यासारखा माणूस दुसऱ्याच्या वहिवाटीवर उधारीने फिरतो.

त्या उधारीची जाणीव मला एका उसाने करून दिली. नकाशाच्या प्रतीवर दुहेरी तुटक रेषा नदीपर्यंत सरळ गेलेली, आणि समोर वाट संपून पुरुषभर ऊस उभा. बांधावर एक आजोबा म्हशीची दोरी धरून बसले होते.

“कुनाकडं निघालाय पाव्हणं?”

“कुणाकडं नाही. सहज, नदीनं मेणवलीला.”

त्यांनी माझ्या बुटांकडे, मग हातातल्या कागदाकडे बघितलं. “जमीन बघाय आलाय व्हय?”

पुण्या-मुंबईचा माणूस पायी हिंडतो तो एवढ्याचसाठी, हे या भागात आता कुणालाही सांगावं लागत नाही. मी कागद त्यांच्यापुढे धरला. ते हसले. “कागदावर हाय की! माझ्या आज्याच्या टायमाला दोन गाड्या शेजारनं जायच्या हितनं. बैलं गेली, ट्रॅक्टर पल्याडच्या रस्त्यानं यायला लागला, मग दर साली एकेक तास आत सरकला.”

2021 साली सरकारने शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजना काढली. वाट उरलेली असेल तिथे मुरूम आणि खडी पडते. चालणाऱ्याच्या पोटऱ्यांना ती खडी लागते, पण पावसाळ्यात चिखलातून ऊस काढणाऱ्यापुढे माझ्या पोटऱ्यांची तक्रार मांडायची मला लाज वाटते.

पुढे मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा, घाट, आणि चिमाजी अप्पांच्या 1739च्या वसई मोहिमेतून आलेली 1707 सालची घंटा. तिच्याविषयी पुष्कळ लिहून झालंय. त्या दिवशी तिथे पोचायला अंधार पडला, कारण आजोबांनी वळसा सांगितला. “ह्या बांधानं जावा, उंबराखालनं उतरा. आन् पानी सोडलंय रानात, बुटं काढून हातात घ्या.”

निघण्याआधी उसाच्या कडेला उरलेली वाट मी पावलांनी मोजली. साडेसोळा फुटांची माझी सात पावलं होतात. तिथे दोन भरली, आणि दुसरं अर्धं पाटात.