वियोगातही हवे मायेचे माणूस

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील अनेक गावे रिती होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. त्या हिशेबात बालकाला स्थान नसते. काही मुले आईवडिलांबरोबर फडावरच्या खोपीत राहतात आणि त्यांची शाळा सुटते. काही आजी-आजोबांजवळ गावी थांबतात आणि त्यांना आईवडील दुरावतात. पाच-सहा महिन्यांचा हा वियोग वर्षानुवर्षे येत राहतो.

शाळेतील गैरहजेरीची नोंद हजेरीपटावर होते. मनातील पोकळीची नोंद कोण ठेवणार? ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात एक मूलभूत विचार मांडला. मुलाच्या मानसिक आरोग्यासाठी आई किंवा तिची जागा स्थिरपणे घेणारी व्यक्ती यांच्याशी जिव्हाळ्याचे, अखंड नाते आवश्यक असते. यातील ‘किंवा’ हा शब्द आशादायी आहे. आजी, शिक्षक, वसतिगृहाच्या मावशी यांपैकी कोणीही मुलाचा तो आधार होऊ शकते. मात्र ती व्यक्ती रोज भेटणारी आणि शब्दाला जागणारी हवी.

याची साक्ष याच जिल्ह्यात मिळते. भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांचे विद्यार्थिजीवन आष्टी तालुक्यातील कडा येथील जैन वसतिगृहात घडले. पुढे 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा संघटनेने सुमारे 1200 भूकंपग्रस्त मुलांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी पुण्यात स्वीकारली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातूनच उभे राहिले. 2009 मध्ये संघटनेने बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांमधून ‘मूल्यवर्धन’ उपक्रम आरंभिला. जोडीने व गटाने काम करणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, आपले मत निर्भयपणे मांडणे अशा रोजच्या कृतींतून मूल्ये रुजवण्याचा हा प्रयत्न. मूल उपदेशाने कमी आणि अनुभवाने अधिक घडते, हीच त्यामागील धारणा.

आता आपल्या घरांकडे पाहू. आपल्या मुलांना स्थलांतर करावे लागत नाही. तरीही वडील रात्री उशिरा दुकान वाढवून येतात, आई कामात गुंतलेली असते आणि जेवणाच्या ताटाशेजारी मोबाईल असतो. एकाच छताखाली असा वियोग घडला, तर तो वडीलधाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. दिवसातील अर्धा तास केवळ मुलाचे ऐकण्यासाठी राखावा. घरातील मतभेदांत आवाज आवरावा. भांडणाचे कारण मुलांना कळत नाही, भीती मात्र कळते. संवत्सरीला आपण सर्वांची क्षमा मागतो. त्या दिवशी स्वतःच्या मुलासमोरही हात जोडावेत. मोठी माणसेही चुकतात आणि चूक मान्य करतात, हे त्याला त्यातून उमगते.

आणि आपल्या गावात ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालत असेल, तर वह्या-खाऊ देऊन तेथेच थांबू नये. आठवड्यातील एक ठरलेली संध्याकाळ त्या मुलांना द्यावी आणि हंगाम संपेपर्यंत ती चुकवू नये. ठरल्या वेळी येणारे माणूस हाच त्या वयातील सर्वांत मोठा दिलासा असतो.