राजवाडा, तुरुंग आणि दोन समाध्या

पुण्यात पाहुणे आले की शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग अशी ठरलेली फेरी होते. मग यजमान म्हणतात, ''चला, आगाखान पॅलेसही पाहून घेऊ!'' नगर रस्त्याने येरवडा ओलांडले की थोड्याच वेळात तो प्रशस्त वाडा समोर येतो. इटालियन धर्तीच्या उंच कमानी, इमारतीभोवती फिरणारे लांबलचक व्हरांडे, पुढे हिरवीगार हिरवळ. मुले धावू लागतात, मोठी माणसे कॅमेरे काढतात. तास-दीड तास मजेत जातो आणि मंडळी परततात.

पण या वाड्यात खरोखर पाहण्यासारखे जे आहे, ते पुष्कळदा पाहायचेच राहून जाते.

भुकेल्यांसाठी बांधलेला वाडा

या वास्तूचा जन्मच मुळी वेगळ्या कारणाने झाला. सुलतान महंमद शाह, म्हणजे तिसरे आगाखान यांनी १८९२ साली हा वाडा बांधला. आसपासच्या दुष्काळग्रस्त लोकांच्या हाताला काम मिळावे, हा त्यामागचा हेतू होता असे सांगितले जाते. सुमारे एकोणीस एकरांचा परिसर आणि त्यात ही भव्य इमारत! राजेशाही थाट दिसतो, पण त्याच्या पायात कष्टकऱ्यांचा घाम आहे.

पन्नास वर्षांनी मात्र या वाड्याच्या नशिबी काटेरी तारांचे कुंपण आले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींना अटक झाली. त्यांच्यासाठी सरकारने निवडलेला तुरुंग म्हणजे हा वाडा. महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू आणि मीराबेनही येथे आल्या. गांधीजींच्या जागी शिवाजी पार्कवरच्या सभेत बोलायला निघालेल्या कस्तुरबांना त्याच संध्याकाळी पकडले. दोन दिवसांनी डॉ. सुशीला नय्यर यांच्यासह त्याही येथे दाखल झाल्या. पुढे प्यारेलालही आले.

संगमरवर आणि झुंबरांच्या घरात राहण्याचे सुख गांधीजींना कसे वाटावे? एवढी मोठी जागा आणि एवढा पहारा म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी आहे, आपल्याला कोणताही साधा तुरुंग चालेल, असे त्यांनी पुढे सरकारला लेखी कळवले.

पहिला घाव

स्थानबद्धतेला आठवडाही झाला नव्हता. १५ ऑगस्टच्या सकाळी महादेवभाईंना हृदयविकाराचा झटका आला आणि पाहता पाहता सारे संपले. ते अवघे पन्नास वर्षांचे होते. पंचवीस वर्षे त्यांनी गांधीजींची सावलीसारखी सोबत केली होती. चिटणीस म्हणा, मुलगा म्हणा, सगळे तेच. गांधीजींनी त्यांच्या देहाला स्वतःच्या हातांनी स्नान घातले आणि वाड्याच्या आवारातच अग्नी दिला. बरोबर पाच वर्षांनी याच तारखेला देश स्वतंत्र झाला. तो दिवस पाहायला महादेवभाई नव्हते.

त्यानंतर त्या जागी फुले वाहायला जाणे हा गांधीजींचा रोजचा नेम झाला.

म्हातारपणीची शाळा

कैदेतही संसार असतोच. बांचा जीव तेथे रमत नव्हता, आश्रमाची, नातवंडांची आठवण येत होती. मग पंचाहत्तरीकडे झुकलेल्या पतीने तितक्याच वयाच्या पत्नीसाठी शाळा उघडली! गांधीजी त्यांना गुजराती वाचायला बसवत, भूगोल शिकवत. पृथ्वीचा गोल हाताशी नव्हता, म्हणून विषुववृत्त आणि अक्षांश-रेखांश समजावायला त्यांनी संत्रे घेतले. धडे काही बांच्या लक्षात राहत नसत. कॅरमचा डाव मात्र त्यांना मनापासून आवडे.

फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी येथेच एकवीस दिवसांचे उपोषण केले. देश श्वास रोखून बातम्यांची वाट पाहत होता. बा दिवसरात्र त्यांच्या उशाशी होत्या. गांधीजी त्यातून बचावले. खचल्या त्या बाच.

फाटकाबाहेरचे वैद्यराज

१९४३ च्या अखेरीपासून बांचे हृदय आणि फुप्फुसे साथ देईनात. आजारी माणसाच्या घरी डॉक्टर बोलावणे ही आपल्याला किती साधी गोष्ट वाटते! येथे प्रत्येक गोष्टीसाठी सरकारला पत्र लिहावे लागे आणि उत्तराची वाट पाहावी लागे. वैद्य पंडित शिव शर्मा यांना उपचाराची परवानगी मिळाली, पण रात्री आत राहण्याची नाही. रुग्णाला केव्हाही गरज लागेल म्हणून ते फाटकाबाहेर आपल्या मोटारीतच झोपत. गांधीजींनी निषेधाचे पत्र लिहिले, तेव्हा कुठे ती अट सैल झाली.

धाकटे चिरंजीव देवदास यांनी पेनिसिलिन मिळवले. तेव्हा ते नवेच औषध होते. पण ठरावीक तासांनी सुया टोचाव्या लागतील हे कळल्यावर, अखेरच्या क्षणी तिला यातना नकोत, असे गांधीजींनी मुलाला समजावले. हा निर्णय बरोबर की चूक, यावर आजही मतभेद होतात. आजारी माणसाच्या उशाशी बसून असा निर्णय घेण्याची वेळ ज्यांच्यावर आली असेल, त्यांना त्यातली घालमेल सांगायला नको.

२२ फेब्रुवारी १९४४. महाशिवरात्रीची संध्याकाळ. पतीच्या मांडीवर डोके ठेवून बांनी प्राण सोडला. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली होती. महादेवभाईंच्या शेजारीच चिता रचली गेली. थकलेल्या गांधीजींना सगळे विश्रांतीसाठी विनवत होते, पण साठाहून अधिक वर्षांच्या सोबतिणीला असे सोडून जाणे त्यांना जमेना. चिता विझत येईपर्यंत ते झाडाखाली बसून राहिले.

६ मे १९४४ रोजी त्यांची सुटका झाली. फाटकाबाहेर पडण्याआधी ते दोन्ही समाध्यांवर फुले वाहून आले.

हिरवळीच्या पलीकडे

चौथ्या आगाखानांनी १९६९ मध्ये ही वास्तू राष्ट्राला अर्पण केली. २००३ मध्ये ती राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून जाहीर झाली. आत गांधीजींची खोली, त्यांच्या नित्य वापरातल्या वस्तू, जुनी छायाचित्रे जपली आहेत. मागच्या बाजूला, थोडे चालून गेले की वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेले साधे, शांत समाधिस्थळ लागते.

नक्षीदार कमानी आपल्या देशात पुष्कळ आहेत. राजवाड्यांनाही तोटा नाही. हा वाडा वेगळा ठरतो तो या दोन समाध्यांमुळे. दोन माणसे येथे चालत आली आणि परत गेली नाहीत. स्वातंत्र्याची किंमत घरातल्या माणसांनी कशी मोजली, ते येथे उमजते.

तेव्हा पुढच्या खेपेला जाल, तेव्हा हिरवळीवरूनच मागे फिरू नका. मुलांचा हात धरून मागच्या बाजूला जा आणि दोन मिनिटे उभे राहा. त्यांना संत्र्याची ती गोष्ट सांगा. बा त्यांना नक्की आपल्या आजीसारख्याच वाटतील.