छपरावरची वीज आणि बिलातील जमा युनिट



गटात बैठकीला गेले की तोडीच्या तारखेनंतर हल्ली हमखास दुसरा प्रश्न येतो : "साहेब, सौर पॅनेलला अठ्ठ्याहत्तर हजार मिळतात म्हणे, खरं का?" खरे आहे. परंतु काही एजंट अर्धेच सांगून आगाऊ रक्कम गोळा करीत फिरत आहेत, सबब हा खुलासा.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना सुरू केली. घरगुती कनेक्शनला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, असे एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. पुढे पाच किलोवॅट बसवा नाहीतर दहा, अनुदान तेवढेच. ही रक्कम आधी हातात पडत नाही. पॅनेल बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागल्यावर ती आपल्या बँक खात्यात जमा होते. तोवर ठेकेदाराचे पैसे आपणच द्यायचे. त्यासाठी बँका तारणाशिवाय कर्ज देतात, पण हप्ता दरमहा आहे आणि आपले ऊसबिल दरमहा येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

ठेकेदार योजनेत नोंदलेलाच पाहिजे व पॅनेल भारतीय बनावटीचे पाहिजे, नाहीतर अनुदान विसरा. आणखी एक अडचण आपल्याकडे घरोघर आहे. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असते! आधी महावितरणकडे नाव बदलून घ्यावे, मग अर्ज करावा.

आता जमा युनिटचे पाहू. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते व दिवसाला सरासरी चार युनिट वीज तयार होते. दिवसा घरात वापरून उरलेली वीज लाइनवर जाते, रात्री आपण लाइनवरून घेतो. नेट मीटर दोन्हीची नोंद ठेवतो. दूध संस्थेच्या पुस्तकासारखेच हे जमा-नावे समजा. समजा तीन किलोवॅटवर एका महिन्यात ३५० युनिट तयार झाले व घरात एकूण २५० लागले, तर १०० युनिट पुढच्या बिलात जमा धरले जातात. पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन घटते, तेव्हा ही शिल्लक कामी येते. मात्र ही शिल्लक ३१ मार्चपर्यंतच पुढे ओढली जाते. त्या दिवशी उरलेल्या युनिटचा मोबदला मिळतो, पण तो आपण विजेला देतो त्या दरापेक्षा बराच कमी. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये साठवलेले युनिट मे महिन्यातल्या पंख्याला उपयोगी नाहीत. म्हणून मोठे पॅनेल बसवून वीज विकू, हा हिशेब घरगुती कनेक्शनला जमत नाही. वर्षभराची बिले काढा, युनिटची बेरीज करा आणि तेवढ्यापुरतेच बसवा. ज्यांचे बिल मुळात शंभर युनिटच्या आत आहे त्यांचा दरही सर्वात कमी असतो. त्यांनी घाई करू नये असे माझे मत आहे. शिवाय बिल शून्य युनिटचे आले तरी स्थिर आकार भरावा लागतोच.

लोडशेडिंगमध्ये दिवे लागतील, असे एजंट बिनदिक्कत सांगतात. लागणार नाहीत. लाइन गेली की ही यंत्रणा आपोआप बंद पडते, कारण तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका होऊ नये. बॅटरी हवी असेल तर तो खर्च वेगळा. विहिरीच्या मोटारीचाही या योजनेशी संबंध नाही. त्यासाठी राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही निराळी योजना आहे.

कारखान्याच्या आसपासच्या वस्त्यांनी आणखी एक पाहावे. गाळप हंगामात चिमणीची राख व फडाच्या पाचटाची काजळी छपरावर बसते. ऊन कडक असूनही युनिट कमी दिसू लागले तर आधी पॅनेल पाहा. सकाळी पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने व मऊ फडक्याने धुवावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

— ऊस विकास अधिकारी