‘आत्ता’ म्हणजे नेमके केव्हा?

अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पायथ्याशी बोल्डर नावाचे शहर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १६५० मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईइतकी. तेथील राष्ट्रीय प्रयोगशाळेतले आण्विक घड्याळ ग्रीनिचला ठेवलेल्या तशाच घड्याळाच्या वर्षाला पाच-सहा मायक्रोसेकंद पुढे जाते. दोन्ही घड्याळे निर्दोष आहेत. मग बरोबर कोणते?

पूर्वी मुंबईची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. पण तो केवळ काटे कुठे लावायचे याचा फरक होता. सेकंद दोन्हीकडे तेवढाच होता. बोल्डरमध्ये फरक काट्यांचा नाही, काळाच्या गतीचाच आहे.

याचे कारण आइन्स्टाइन यांनी १९०७ साली ओळखले. वेग सतत वाढवत वर जाणाऱ्या एका यानाची कल्पना करा. तळाशी बसलेला माणूस दर सेकंदाला प्रकाशाचा एक झोत वर सोडतो. झोत छतापर्यंत पोचेतो छताचा वेग वाढलेला असतो. त्यामुळे वरच्याला झोत सेकंदाहून किंचित जास्त अंतराने मिळतात. तळाचे घड्याळ त्याला मंद दिसते. आता, वेग वाढणारे यान आणि जमिनीवर उभी असलेली खोली यांत आतल्या माणसाला फरक करता येत नाही. तेव्हा जमिनीवरही हेच घडले पाहिजे: खाली काळ सावकाश, वर जलद.

२०१० साली बोल्डरमध्येच दोन घड्याळांपैकी एक अवघे ३३ सेंटिमीटर उचलले, तरी हा फरक मोजता आला. म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्यांवरही काळ वेगळा चालतो! जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. गुरुत्वामुळे त्यांची घड्याळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात. उरलेल्या ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात अंतराच्या मोजणीत दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचेल.

म्हणूनच १९७७पासून जगभरच्या आण्विक घड्याळांची वेळ एकत्र करताना प्रत्येकाचा वेग समुद्रसपाटीच्या हिशेबाने दुरुस्त केला जातो. म्हणजे साऱ्या जगाचा ‘आत्ता’ निसर्गाने दिलेला नाही. तो माणसांनी मिळून ठरवला आहे. आपल्याला तो एकच वाटतो, कारण पृथ्वीवरचे फरक आपल्या जाणिवेच्या कितीतरी खाली आहेत. बोल्डरचे घड्याळ बरोबर, ग्रीनिचचेही बरोबर. प्रत्येक जण आपापल्या जागेचा खरा काळ सांगतो. चुकीची आहे ती, सर्वांसाठी एकच खरे घड्याळ कुठेतरी असणार, ही आपली समजूत.